पंधरावं कलम कुठे गेलं

कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घालायला गेलं की एक लांबलचक करारनामा समोर येतो आणि त्याच्या खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. तो करारनामा कुणी वाचत नाही. तुम्ही वाचला नाहीत, मी वाचला नाही, आणि ज्याने लिहिला त्यानेही बहुधा दुसऱ्याचा उतरवून काढला असणार. पण चिमटेसाहेब आणि वाचकबाई ह्या नवराबायकोने तो वाचला. मोठ्याने वाचला, स्वल्पविरामांसकट वाचला. पीडीएफ उघडायचा एक साधा प्रोग्राम निवडायला त्यांना चार दिवस लागले ते त्यामुळेच.

ही त्यांची छापखान्यातली नावं. एकतीस वर्षं दोघं तिथे प्रुफं तपासायचं काम करत होती. साहेब ओळीतली चूक इतकी नेमकी उचलायचे की सगळे त्यांना चिमटा म्हणायला लागले, आणि केस पिकल्यावर त्याला साहेब चिकटलं. बाईंचं काम वाचायचं. टेबलाच्या अलीकडे बसून त्या मूळ लिखाण मोठ्याने वाचायच्या, 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद' असं सगळं म्हणत, आणि पलीकडे साहेब प्रुफावरून पेन्सिल फिरवत जायचे. साहेबांनी जिभेने 'च्' केलं की बाई थांबायच्या, पुन्हा 'च्' केलं की सुरू. त्यांचं लग्न ह्याच टेबलावर जमलं. निवृत्तीनंतरही छापखाना त्यांच्याकडे अधूनमधून कागदांचा गठ्ठा पाठवायचा, आणि जेवणाच्या टेबलावर तेच पुन्हा सुरू व्हायचं.

सोमवारी छापखान्याच्या नव्या मॅनेजरचा फोन आला. साहेबांना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावलेला.

"काका, आता कागद बंद. मूळ प्रत आणि प्रूफ, दोन्ही पीडीएफ पाठवतोय. कुक्कुटपालनाचं पुस्तक आहे, छोटंसं. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त्या द्या. जमलं तर पुढची कामंही अशीच पाठवीन. आणि हो, आता एकट्याने होतं हं. वाचायला वेगळं माणूस लागत नाही."

साहेब "बरं, बरं" म्हणाले. बाई भाजी धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि जरा वेळाने पुन्हा सोडला. पाच मिनिटांपूर्वी त्यांना एक काम होतं, आता ते राहील की नाही हे गुरुवारी ठरणार होतं. बोलून काय करणार, मॅनेजर पोरगेलासा असला तरी मॅनेजर होता.

घरातला कॉम्प्युटर भाचीने दिलेला. भाची म्हणजे साहेबांच्या बहिणीची मुलगी, दातांची डॉक्टर. दवाखान्यात नवा घेतला तेव्हा तिने जुना इकडे आणून ठेवला होता, अकरा वर्षांचा. त्यात जो पीडीएफचा प्रोग्राम होता तो एवढा अवाढव्य की साहेबांनी फाइलवर बोट दाबलं, बाईंनी चहा टाकला, दोघांनी चहा घेतला, बाईंनी कप विसळले, तेव्हा कुठे पडद्यावर अर्धी कोंबडी दिसायला लागली. पाय यायच्या आत सगळं गोठलं.

"दम लागलाय त्याला," साहेब म्हणाले.

"त्याला कशाला नावं ठेवता? तुम्हीही जिना चढून आलात की असेच थांबता," बाई म्हणाल्या.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत भाची आली. "मामा, हलका प्रोग्राम घालू. फुकट मिळतात, ढिगाने आहेत. दोन मिनिटांचं काम." तिने एक उतरवून घेतला, करारनामा समोर आला, आणि तिचं बोट बटणाकडे गेलं.

"हात बाजूला घे," साहेब म्हणाले.

"मामा, हे कुणी वाचत नाही."

"मान्य आहे म्हणायचं आणि वाचायचं नाही? मी एकतीस वर्षांत न वाचता कशावर सही केलेली नाही."

बाई खुर्ची ओढून बसल्याच होत्या. आधी साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग बाईंनी चष्मा लावला आणि सुरुवात केली. "कलम एक, पूर्णविराम. वापरकर्ता, स्वल्पविराम, म्हणजेच आपण, स्वल्पविराम…" कुणीतरी घाईघाईने केलेलं भाषांतर होतं ते, वाक्यं अशी की दगडालाही घाम फुटावा. भाचीने कपाळाला हात लावला. लोकांना तोंड उघडायला लावणं हा तिचा रोजचा धंदा, पण मिटायला लावायची विद्या तिला कॉलेजात कुणी शिकवलेली नव्हती. बाई मात्र खुशीत होत्या. रविवारनंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला होता.

चौदाव्या कलमानंतर बाई थांबल्या. "पुढे सोळा आहे."

"पंधरावं कुठे गेलं?"

दोघांनी मागे जाऊन पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं. पंधरावं कलम नव्हतंच.

"मामा, आकडा चुकला असेल."

"किंवा कलम काढलं असेल. त्यात काय होतं ते मला कळल्याशिवाय मी मान्य कसं म्हणू?" आणि साहेबांनी तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहायला घेतलं. पंधरावं कलम पाठवून द्यावं, वाट पाहतो, कळावे.

दुसऱ्या प्रोग्रामचा करारनामा साहेबांना आवडला. आकडे बरोबर, भाषा नीट. फक्त नवव्या कलमात लिहिलं होतं की हा प्रोग्राम फुकट आहे तो घरगुती वापरासाठी, कामधंद्यासाठी नाही.

"तुम्ही घरातच तर बसलाय," भाची म्हणाली.

"घरात बसून काम करतोय."

"कोण बघायला येणार आहे, मामा?"

"मी बघतोय ना."

जगभर कोट्यवधी लोकांनी तो प्रोग्राम नवव्या कलमाला न विचारता वापरला असेल, आणि हे गृहस्थ त्याला हात जोडून परत पाठवतात. भाची त्या दिवशी दवाखान्यात वीस मिनिटं उशिरा पोचली, आणि पुढच्या पेशंटचा दात तिने जरा जोरातच काढला म्हणे.

बुधवारी तिने अक्कल चालवली. मामा अंघोळीला गेल्याचं बघून तिसरा प्रोग्राम घातला आणि 'मान्य आहे' स्वतःच दाबून टाकलं. साहेब केस पुसत आले तोवर कोंबडी पायांसकट पडद्यावर उभी होती.

"आणि गंमत बघा," भाची म्हणाली. तिने मूळ प्रत मागे उघडून ठेवली, प्रूफ पुढे आणलं आणि एक बटण दाबलं. कॉम्प्युटर बोलायला लागला. गोड, गुळगुळीत बाईचा आवाज, अडखळणं नाही की खोकणं नाही. "हा वाचेल, मामा, तुम्ही बघत जा. मामी, तुमची सुटका. आता घसा फोडायला नको."

"चांगलं झालं गं," मामी म्हणाल्या आणि श्रावणघेवड्याच्या शेंगा घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

पोरीने प्रेमाने केलं होतं, हे त्यांना कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं. शेंगेची शीर ओढता ओढता त्यांनी मनाशी हिशोब मांडला. वयं झाली, घसा बसतो, हल्ली बारीक अक्षराला अडखळायला होतं. तो आवाज अडखळत नाही. त्याला पाणी लागत नाही, चहा लागत नाही, आणि तो साहेबांवर कधी रुसणारही नाही. पण मग आपण काय करायचं? टेबलाच्या अलीकडे कोण बसणार? त्यांना रडू आलं, आणि शेंगांवर राग काढून झाल्यावर ते गेलंही. बाहेर साहेब पडद्यावर बोट फिरवत बसले होते. खूश असतील, त्यांना वाटलं. बाहेरून एक 'च्' ऐकू आला आणि सवयीने बाईंचा हात थांबला. यंत्र थांबलं नाही.

"अगं, थांब म्हणतोय," साहेब कॉम्प्युटरला म्हणाले. माऊस सापडेपर्यंत यंत्र तीन ओळी पुढे गेलं होतं. असं चार-पाच वेळा झालं. पुढे साहेबांनी 'च्' करणं सोडून दिलं आणि मुकाट्याने बोट पळवायला लागले.

विसाव्या पानावर तो गोड आवाज म्हणाला, "प्रत्येक कोंबडीला रोज दोन किलो दाणे घालावेत." आणि पुढे पाण्याच्या भांड्याकडे वळला.

आतून हसण्याचा आवाज आला. हसू आवरेना तेव्हा शेंगांचं ताट खाली ठेवलं गेलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "थांबव गं ह्याला." भाची घरी गेलेली होती. त्यांनी शेवटी आवाजाची वायरच उपटली.

"अहो, कोंबडी आहे की रेडा?" बाई पदराने डोळे पुसत दारात आल्या. "दोन किलो दाणे? तेवढं तर तिचं स्वतःचंही वजन नसतं."

साहेबांनी प्रूफ बघितलं. दोन किलो. मूळ प्रत काढली. तिथेही दोन किलो. अक्षराला अक्षर जुळत होतं, म्हणून त्यांनी त्या ओळीवरून बोट पुढे नेलं होतं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी त्यांच्या हातून निसटलं होतं. चूक लेखकाची होती, यंत्राने इमानदारीत वाचली, साहेबांनी इमानदारीत ताडून पाहिली. हसणारं कुणी जागेवर नव्हतं, एवढंच.

साहेब थोडा वेळ वायर हातात धरून बसले. मग त्यांनी भाचीला फोन लावला. "हा प्रोग्राम काढायचा. ह्याचा करारनामा कुणी मान्य केला?"

"मी केला, मामा."

"वाचलास?"

"नाही."

"मग काढायचा."

गुरुवारी सकाळी भाची दवाखाना उघडायच्या आधीच आली. हात टेकलेली भाची आता काहीही घालायला तयार होती, आणि असं झालं की कधीकधी बरोबर वस्तू हाताला लागते. चौथा प्रोग्राम इतका चिमुकला होता की त्याचं चित्र पडद्यावर येईपर्यंत तो बसूनही झाला. तो बोलत नव्हता, रंग फासत नव्हता, सह्या घेत नव्हता. पानं दाखवायची, एवढंच त्याला येत होतं. करारनामा अकरा ओळींचा. बाईंनी तो एका दमात वाचला. कामाला वापरा, घरी वापरा, फुकट आहे, मोडलं तर मला बोल लावू नका, खाली एका माणसाचा पत्ता.

"अकराव्या ओळीनंतर पूर्णविराम नाही," बाई म्हणाल्या.

भाचीने डोळे मिटले.

"कळवू त्याला," साहेब म्हणाले, आणि मान्य आहे हे बटण त्यांनी स्वतःच्या बोटाने दाबलं.

दोन्ही फाइली दोन चौकटींत शेजारी शेजारी लावल्या, डावीकडे मूळ, उजवीकडे प्रूफ. जुन्या कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. आता पंचाईत एवढीच की पडदा एक आणि माणसं दोन. समोरासमोर बसून चालणार नव्हतं. साहेबांनी टेबलाच्या अलीकडची खुर्ची उचलून आपल्या खुर्चीला लावली, अंतर बघितलं, आणखी थोडी सरकवली.

"एवढी जवळ?" बाई म्हणाल्या. "छापखान्यात कुणी बघितलं असतं तर?"

"मला ऐकू कमी येतं," साहेब म्हणाले.

पहिल्या पानापासून सुरू झालं, कारण बुधवारचं काम साहेबांनी धरलंच नाही. खांद्याला खांदा लावून शहाण्णव पानं झाली. मध्ये दोनदा पाणी, एकदा चहा, आणि पानं कुणी पुढे ढकलायची ह्यावरून एक छोटं भांडण. दुरुस्त्यांची यादी मॅनेजरकडे गेली तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती.

सव्वापाचला मॅनेजरचा फोन आला. "काका, ती दोन किलोची चूक मूळ प्रतीतच होती. लेखक म्हणतात, तो आकडा वीस कोंबड्यांचा होता, ते स्वतः चार वेळा वाचून गेले होते. तुम्ही कुठला प्रोग्राम वापरता? आम्हीही घालतो."

"प्रोग्राम फुकटातला आहे, पानं दाखवतो," साहेब म्हणाले. "चूक आमच्या वाचकबाईंनी धरली. मी ती पास केली होती, हेही लिहून घ्या. पुढचं काम पाठवायचं असेल तर दोघांना पाठवा. एकट्याने मला होत नाही."

मॅनेजर म्हणाला, "बरं काका. दोघांना पाठवतो. काकूंना सांगा."

"ऐकतायत त्या," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुसायची गरज नव्हती. "खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तो बोलणारा प्रोग्राम तुम्ही करारनाम्यासाठी काढलात?"

"न वाचता मान्य केलेला होता तो."

"अहो."

साहेबांनी पडद्यावरची कोंबडी बंद केली. एका क्षणात बंद झाली, प्रोग्राम खरंच हलका होता. "काल वीस पानं त्या बाईचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "एकदाही माझ्यावर वैतागली नाही. मला करमेना."

बाईंनी खुर्ची जागच्या जागी ठेवायला उचलली, आणि मग राहू दिली तिथेच.