संताची आठवी मात्रा

फिओरेंझाबाईंचं संगीत दूरदूरच्या शहरांत वाजलं, झुंबरांखाली वाजलं. वाजलं नव्हतं ते फक्त समुद्राकाठच्या त्यांच्या गावात, जिथं त्यांनी पहिला सूर ऐकला त्या गल्लीत. इटलीतल्या बारी शहराच्या संगीत विद्यालयात शिकवता शिकवता केस पिकले, आणि मग यंदा गावच्या बँडनं संत त्रिफोनच्या मिरवणुकीसाठी त्यांच्याकडे नवी धून मागितली.

बाईंनी जीव ओतला. धून सात मात्रांची, किनाऱ्याशी येता येता लाट पाऊल आखडते तशी.

सणाच्या आदल्या दुपारी चर्चमागच्या अंगणात तालीम लागली. पालखीत संताच्या मूर्तीच्या जागी बटाट्यांची पोती. पहिल्या ठोक्याला डावं पाऊल, ही भोयांची बापजाद्यांची रीत. पण सातांचा एक फेरा संपला की पुढचा ठोका उजव्या पायावर येई. निम्म्यांनी पाय बदलला, निम्म्यांनी नाही. पालखी डुलली, बटाटे अंगणभर पळाले.

"फिओरे, तुझा संत पिऊन आलाय का गं?" भोयांचा म्होरक्या नुन्झिओ म्हणाला. लहानपणी शाळेत तो आणि बाई एकाच वर्गात होते. "उद्या खरा पडला तर मला घरात घेतील का? आपली जुनीच धून बरी."

बँडमास्तर बुटांकडे बघत राहिले. म्हणजे त्यांचंही तेच मत.

बाईंचे कान तापले. विद्यालयाच्या ओसरीत स्वतः चालून बघितल्याशिवाय त्या पोरांना एक ताल लिहू देत नसत. आणि ही धून मात्र त्यांनी खुर्चीत बसून, कॉफी पीत लिहिली होती. त्यांनी चपला काढल्या आणि दांड्याखाली जागा मागितली. नुन्झिओ हसला, पण सरकला.

खांद्यावर भार आला, पावलं पडू लागली, आणि सातव्या पावलाला साऱ्यांचा श्वास छातीत अडकला. बाईंचाही.

"श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही रे मी," त्या दांड्याखालूनच म्हणाल्या.

तिथंच पेन्सिल मागवून त्यांनी सातांमागे एक आठवी मात्रा जोडली, रिकामी. तेव्हा कुणी वाजवायचं नाही. उजवं पाऊल नुसतं शेजारी टेकवायचं, श्वास सोडायचा, की पुढचा ठोका पुन्हा डाव्यावर.

दुसऱ्या दिवशी संत निघाले. सात पावलं कर्णे गर्जत, आठव्याला सारं गप्प, आणि त्या शांततेत भोयांचा एकच मोठा सुस्कारा. जणू संतच दमलेत. गल्लीतल्या बायका सज्ज्यांतून फुलं टाकता टाकता आपसूक त्यांच्याबरोबर श्वास सोडू लागल्या.

"चढावरसुद्धा जड लागला नाही," नुन्झिओ घाम पुसत पुटपुटला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी गावात कुणी ऐकली नव्हती.

संध्याकाळी बाई गल्लीतून घरी निघाल्या. शेजारची कोन्चेत्तामावशी दारात शेंगा सोलत तीच धून गुणगुणत होती. तिसरा सूर साफ चुकलेला, आणि मधली शांतता भरायला तिनं स्वतःचं एक 'लालालं' घातलेलं. जन्मभर दुसऱ्यांचे सूर सुधारत आलेल्या बाई थांबल्या, तोंड उघडलं, मिटलं, आणि पायरीवर बसून त्याही शेंगा सोलू लागल्या, तसंच चुकीचं गुणगुणत.