जळकी बाजू

डांबराचा वास नाथाजी सुताराला नवा नव्हता. पण या होडीला फासलेल्या डांबराखाली आणखी काहीतरी कुजकट, करपट दडलं होतं. पटाशीनं तो एकेक पापुद्रा काढी आणि बाजूला वळून थुंके.

होडी हातभर लांबीची, शिडाची. जुनं विलायती खेळणं. शीड फाटून लक्तरं झालेली, डोलकाठी मात्र अजून ताठ. मानसिंगनं ती आणून टाकली होती. "सांगलीच्या बाजारात घेतली. नातवाच्या बारशाला नवी करून दे गड्या!"

मानसिंगच्या खळ्यावरचं बलुतं म्हणजे नाथाजीच्या घरातली निम्म्या वर्षाची भाकरी. त्याला नाही कोण म्हणणार?

डांबर सुटलं आणि खाली कोळसा दिसला. अख्खी एक बाजू जळलेली. भेगांतून रॉकेलचा भपकारा आला.

तेवढ्यात मानसिंगच आला. "झाली का न्हाई रं?"

"आवं, ही जळकी हाय. कुणाच्या घरातली?"

"बाजारातली म्हणलं न्हवं?" मग स्वतःच हसला. "तुझ्यापासनं काय लपवायचं? नदीपल्याडच्या कुळकर्णी मास्तरांची. गांधीबाबांना मारलं, त्या आठवड्यात पेटवली न्हवं का घरं? लोकांनी भांडीकुंडी न्हेली, आमी नुसती होडी. पोरीनं लय घट्ट धरलेली. येकेक बोट सोडवता सोडवता घाम फुटला बग!"

दातांत अडकलेलं पान जिभेनं कोरत तो हसत राहिला. नाथाजीला ते तोंड बघवेना.

"आमच्या घराण्यात जळल्या घराचं लाकूड दुसऱ्याच्या घरात देत न्हाईत. त्ये सरणाला जातं."

"मग सुगीला खळ्यावर येऊ नगंस."

"न्हाई येत. होडी बी न्हाई देत. जावा चावडीवर, सांगा कुठनं आणली ती."

मानसिंग शिव्या देत गेला. दारात उभी त्याची बायको साळूबाई म्हणाली, "गेलं खळं."

"गेलं."

"जाऊ द्या. चार दिस तुमी जेवताय का थुंकताय तेच कळंना."

तिनं जुन्या लुगड्याचं शीड शिवलं. नाथाजीनं कोळसा खरवडला, भेगा बुजवल्या, पांढरा रंग दिला आणि सांगली गाठली. मास्तरांचं बिऱ्हाड तिथं मेव्हण्याकडं होतं.

मास्तरांची आठ वर्षांची लेक क्षमा धावत आली. होडी छातीशी धरली आणि क्षणात दूर केली. ओसरीच्या कडेला जाऊन ती भडाभडा ओकली.

तिच्या आईनं, गोदावरीबाईंनी, लेकीची पाठ चोळली. "न्या हो ती. अजून वास येतोय. तुमचा दोष नाही, पण न्या."

नाथाजीनं होडी नाकाशी नेली. रंगाच्या आडून तोच वास. सरणाचं लाकूड आपणही रंगवूनच आणलं की! त्याला मानसिंगइतकीच स्वतःची किळस आली.

"दुसरी करून देऊ, ताई?"

क्षमानं पदरानं तोंड पुसलं, आईच्याच. "दुसरी नको. हीच. पण ही बाजू काढा."

"समदी?"

"सगळी."

नाथाजी पायरीवर बसला. करवत काढली. पहिल्या ओढीला काळा भुसा उडून ओठांवर बसला. तो थुंकला, तोंड पुसलं आणि करवत पुन्हा लावली.

"खोल घ्या," क्षमा लांबूनच म्हणाली, नाक धरून. "अजून काळं दिसतंय."