मालकांचा अंगठा

चादरींचे घाऊक व्यापारी चनमल्लप्पा यांनी १९७४ साली पियानो घेतला. गिरणीचा एक म्हातारा मॅनेजर सोलापूर सोडून चालला होता, त्याच्या सामानाच्या लिलावात. घरात वाजवता कुणालाच येत नव्हतं. पियानो दिवाणखान्यात आला, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पडला, रुमालावर चनमल्लप्पांचा सत्काराचा फोटो उभा राहिला, आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "वाजवतं कोण?"

"मीच की," चनमल्लप्पा एकदा बोलून गेले. समोर बसले होते व्यापारी मंडळाचे चिटणीस गुरप्पा. त्यांनी वर्धापनदिनाच्या पत्रिकेत 'अध्यक्षांचे पियानोवादन' छापूनच टाकलं. हातात चार महिने होते.

मग सुवार्ताबाईंना बोलावणं गेलं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी चनमल्लप्पांच्या हाताच्या पाठीवर एक खोडरबर ठेवलं. "हे न पाडता पाच बोटं पाच पट्ट्यांवर ठेवायची. एकेक बोट सावकाश उचलायचं. मनगट सैल."

"गाणं कधी?"

"आधी बोटं तरी जागी होऊ द्या."

पंधरा दिवस खोडरबर पडत राहिलं. मग सप्तक आलं आणि खरी अडचण तिथं झाली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट असे तीन सूर झाले, की चौथ्या सुरासाठी अंगठा बोटांच्या खालून पुढं न्यायचा.

"खालून?" चनमल्लप्पांनी हात मागं घेतला. "बाई, अंगठा म्हणजे मालक. मालकानं नोकरांच्या पायाखालून सरपटायचं?"

"न्हाय सरपटला तर बोटं संपतात, मालक. सूर अजून तीन उरतात."

त्यांना ते पटलं नाही. ते अंगठा उचलून वरून झोकात टाकायचे. तो कधी चौथ्या सुरावर पडायचा, कधी पाचव्यावर, एकदा तर थेट सत्काराच्या फोटोवर. बाई म्हणायच्या, सावकाश. चनमल्लप्पा वेग वाढवायचे, कारण वेगात चूक दिसत नाही असा त्यांचा व्यापारातला अनुभव होता.

त्यांची बायको अक्कम्मा रोज चहा घेऊन यायची आणि कप रिकामा होईपर्यंत दाराशी उभी राहायची. बाईंच्या लक्षात आलं, की तिची बोटं पदराआड हलतात. मालक दुकानात गेल्यावर एकदा बाई विसरलेली छत्री न्यायला परतल्या, तर पियानोवर अक्कम्मा बसलेली. हाताच्या पाठीवर खोडरबर, जागचं न हललेलं.

"किती दिवस चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

"तुमी शिकवायला लागला तवापासून," अक्कम्मा म्हणाली आणि घाईघाईनं उठली. बाईंनी तिला खांदा दाबून खाली बसवलं. डावा हात त्या दिवसापासून सुरू झाला.

वर्धापनदिन दुपारी होता. चार हमालांनी पियानो बैलगाडीतून सभागृहात नेला. चनमल्लप्पा कोट घालून बसले. सा, रे, ग झालं, अंगठा हवेत गेला आणि कुठं उतरावं हे न कळून दोन पट्ट्यांच्या मध्ये रुतला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणखी जोरात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही पंजे एकदम आपटले आणि उभं राहून नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर बसलेल्या निम्म्या लोकांचा माल त्यांच्याकडून उधारीवर येत होता. गुरप्पा म्हणाले, "इंग्रजी चीज होती. आपल्याला कळायला वेळ लागेल."

संध्याकाळी पियानो जागेवर आला. चनमल्लप्पांनी बायकोला विचारलं, "कसं झालं?"

"'म'वर अडकलात."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

अक्कम्मानं हात पुसले आणि ती पियानोपाशी बसली. दोन्ही हातांनी सप्तक वर नेलं, खाली आणलं, सावकाश, एकही सूर न डगमगता. मग आणखी एक सप्तक, आणि आणखी एक. मनगट सैल होतं.

चनमल्लप्पा हसले. "हे तर नुसतं तयारीचं आहे की. ह्यात गाणं कुठाय?" आणि गळ्यातला सभेतला हार सांभाळत बाहेर ओट्यावर गेले, कारण अभिनंदनाला माणसं आली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना कळवलं, की शिक्षण पूर्ण झालं, आता येण्याची गरज नाही. निरोप घेऊन अक्कम्मा स्वतः बाईंच्या घरी गेली. तो शब्दशः सांगून झाल्यावर म्हणाली, "उद्यापासून अकराला या. ते तवा दुकानात असतात."