माझ्यापर्यंत न आलेला नारळ

मी एक जुनी आदोळी आहे. मित्रांनो, घाटावर मला विळी म्हणतात, म्हणा बापडे! माझे पाते डिचोलीच्या लोहाराने ठोकले, पाट फणसाचा. प्रभावतीबरोबर मी लाटंबार्सेला तिच्या सासरी आले. माझ्यावर खोवलेले खोबरे लोण्यासारखे पडते, असे ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मी अशी फुगायची की विचारू नका.

गोवा राज्य झाले आणि मग दिल्लीची, म्हणजे लोकसभेची, निवडणूक आली. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत ताटे आपटून झाली होती. एका सकाळी मधुकर नावाचा पक्षाचा माणूस असोला, म्हणजे न सोललेला नारळ घेऊन पडवीवर आला. ग्रामदेवाचे नाव घेऊन त्याने प्रभावतीच्या सासऱ्यांना, जयराममामांना, नारळावर हात ठेवायला लावला: या घरची सगळी मते आमची. शब्द पाळला, की मामांनीच नारळ देवळात ठेवायचा. तोवर तो माझ्या डोक्यावरच्या फळीवर.

मला तो नारळ मुळीच आवडला नाही! दोन वर्षांमागे हाच मधुकर दुसऱ्याच पक्षाची पताका घेऊन फिरत होता.

त्या दिवसापासून घरात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. प्रभावतीचे माहेर पेडण्याचे, दुसऱ्या पक्षाचे. म्हणून ती विहिरीवर कुणाशी बोलते यावर मामांचा डोळा. तिचा नवरा दत्तप्रसाद खाणीचा ट्रक चालवायचा. मालकाने त्याच्या कानात काय सांगितले, याचा तिला संशय. आणि तिला तर फक्त आपले मत आपणच द्यायचे होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "शब्द मोडल्यार देव बघता हां, सुने."

तिने माझ्या पात्यावरचा हात थांबवला. "मामांनू, नारळार हात तुमचो आसलो. माझो न्हय."

मामा फळीवरच्या नारळाकडे बघून परतले.

मते पडली. आता शब्द पाळला असेल, तर नारळ देवळात न्यायचा. मामांचे गुडघे दुखू लागले. त्यांना न्यायला दत्तप्रसादला ट्रकमधून सवड मिळेना. प्रभावती एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे, आणि पदरात हसे. मधुकरचा पक्ष कोकणीवाला, म्हणून मराठीसाठी मामांनी शब्द मोडला, की मधुकरने पताका बदलली म्हणून? मालकासाठी दत्तप्रसादने मोडला? कुणी सांगितले नाही. तिनेही नाही.

पावसाळ्यात नारळाला कोंब फुटला. नेता का, असे विचारत तिने तो मामांपुढे ठेवला.

"देवळात व्हरतात?"

मामा खोकले. "बांयकडे लाय तो."

विहिरीकडे लावला. मामा स्वतः पाणी घालायचे, कुणी बघत नाही ना, हे बघून.

आता घरात मिक्सर आहे आणि मी कोपऱ्यात गंजते आहे. त्या माडाचे नारळही माझ्याकडे येत नाहीत. मित्रांनो, मला अधूनमधून धार लावा, तेलाचा हात फिरवा. आणि कुणी असोला नारळ घेऊन दारात आलाच, तर आपला हात आपल्याच पदरात ठेवा.