रेशमावर ठेवलेली इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. मित्रांनो, हे सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण माझ्या आयुष्यात कपडे थोडे आले आणि गोळ्या फार. बंदुकीच्या, औषधाच्या नव्हेत.

अमेरिकेत, मोंटानातल्या एका लहान गावी, लेनोराबाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. तेव्हा माझ्या तळात तोंड दिसे. दर रविवारी चर्चला जाण्याआधी बाई नवऱ्याच्या, म्हणजे आर्विडच्या, पांढऱ्या सदऱ्यावर मला फिरवत. कॉलरची घडी पाहून शेजारणी माझी चौकशी करत.

मग एका हिवाळ्यात आर्विडने मला गॅरेजात नेले. तो शिशाच्या गोळ्या घरीच ओतायचा आणि काडतुसेही स्वतःच भरायचा. ओतलेली गोळी यंत्रात ठेवून दांडा खाली ओढला की ती नेमक्या मापाची होई आणि तिच्या खाचांत वंगण भरले जाई. पण वंगण कडक मेणाचे. थंडीत त्याचा खडू होई. मग दांड्याला लोंबकळले तरी ते जागचे हलत नसे. म्हणून आर्विडने मला उताणे करून यंत्राच्या बैठकीखाली घट्ट बसवले आणि माझी उष्णतेची चकती ‘रेशीम’वर ठेवली. ‘सुती’वर ठेवली, तर वंगण रश्शासारखे वाहून जाई. अशा रीतीने शिसे हे नाजूक कापड असल्याचे मला समजले.

“एवढा हिवाळा जाऊ दे, मग आणून देतो,” आर्विड म्हणाला.

“दे की. तोवर फिर तसाच चुरगळलेला,” बाई म्हणाल्या.

दोघेही शब्दाचे पक्के. हिवाळा काही जाईना आणि बाई काही दुसरी इस्त्री घेईनात. स्वतःसाठी त्यांनी न चुरगळणारे कपडे आणले. आर्विड मात्र चर्चमध्ये सामानाच्या तळाशी चेपलेल्या पिशवीसारखा बसे. घरी सगळे ठीक आहे ना, असे पाद्रीबाबांनी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारले.

गॅरेजात माझा मान मोठा होता. शिकारीचे दोस्त आले की आर्विड बंदुकीआधी मला दाखवी. वरून मेण ठिबके, ते तो पुसून टाकी. वाफेच्या भोकांत उतरलेले मात्र तिथेच साचत गेले. रेशमाच्या उबेत ते गुपचूप पडून असे.

पुढे बाई आजारी पडल्या. एका दुपारी शाल गुंडाळून गॅरेजात आल्या आणि माझ्यापाशी हात शेकत बसल्या. “आर्विड, निदान माझ्या अंत्यविधीला तरी इस्त्रीचा सदरा घाल. नाहीतर लोक म्हणतील, हिने नवऱ्याला असाच सोडला.”

“घालतो. पण घाई करू नकोस बाई, अजून अर्धा डबा गोळ्या व्हायच्यात.”

त्या हसल्या, मग बराच वेळ खोकल्या. घाई त्यांनी केलीच.

अंत्यविधीच्या सकाळी शेजारची मार्गिट तिची नवी इस्त्री घेऊन आली. आर्विडने ती नको म्हटले. त्याने मला यंत्राखालून सोडवले, तळ खरवडला, चिंधीने घासला. टॉवेलवर फिरवून पाहिले, डाग नाही. सदरा सुती होता, म्हणून त्याने चकती ‘सुती’वर नेली. इतकी वर्षे मी तितकी तापलेच नव्हते. कॉलर झाली. बाह्या झाल्या. आणि डाव्या छातीवर आल्यावर भोकांतले सगळे मेण सुटले. मी ते धरून ठेवायला पाहिले, पण इस्त्रीला मिटायला ओठ नसतात.

तळहाताएवढा तपकिरी डाग. आर्विड वाकला, त्याने वास घेतला आणि सदरा अंगात घातला.

“कोटाची बटणं लाव रे,” मार्गिट हळूच म्हणाली. “दिसतंय.”

“दिसू दे. कोणत्या इस्त्रीने केलाय, ते कळेल तिला.”

परत आल्यावर त्याने मला घरातल्या कपाटात, बाईंच्या फळीवर ठेवले. हिवाळा संपला, असे मी समजते. गॅरेजात यंत्रातले वंगण दगड झाले आहे आणि अर्धा डबा तसाच आहे.

मित्रांनो, कुणाची वस्तू आणली असेल, तर नुसता तळ पुसू नका, भोकांतही पाहा. आणि ती परत नेऊन द्या, “आत्ता आठवलं होय?” असे म्हणायला ते माणूस घरात आहे तोवर.