नावाड्याचा आवाज

"ताई, एक आनंदाची बातमी आहे!" परदेशी सिनेमे आणणाऱ्या कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. या कंपनीला आनंद झाला की आमची झोप उडते, हे मला अनुभवानं माहीत आहे. "शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचं ठरलंय. एक आता, दुसरा पुढच्या वर्षी!"

"आणि नावाड्याचा शेवट?" मी विचारलं.

"तो दुसऱ्या भागात. नाव नदीच्या मधोमध असताना पहिला भाग संपतो. काय सुंदर जागा शोधलीय ना?"

सुंदर म्हणे! डोंबलाचं सुंदर. मी फोन ठेवून दिला.

माझं काम असं की परदेशी सिनेमांचे संवाद मी आपल्या भाषेत लिहिते. पडद्यावरचा माणूस जिथे ओठ मिटतो तिथे माझ्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर यावं लागतं, प, ब नाहीतर म. नाही आलं तर तोंड एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. ती वाक्यं कलाकार म्हणतात, आणि त्यांतला एक माझा सख्खा मोठा भाऊ. पुस्तकांवरून केलेल्या या सिनेमांच्या मालिकेतला म्हातारा नावाडी पहिल्या सिनेमापासून दादाचाच. हा नावाडी पोरांना नदीपार नेतो, सारखा कुरकुरतो, आणि शेवटच्या पुस्तकात गोष्टीतल्या मुख्य मुलीला पैलतीरावर उतरवून आपली नाव आपणच बुडवतो. रस्त्यात दादाला कुणी ओळखत नाही. पण "ए, पाय आत घे!" असं तो नुसतं म्हणाला, की बसमधली सगळी पोरं माना वळवून बघतात. दादाला त्याचा केवढा तोरा!

आणि त्याच दादाचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. घशात गाठ निघाली होती, वाईट जातीची. लवकर काढली तर माणूस वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादानं ते ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. सिनेमा येतोच आहे, तेवढा पुरा करू द्या. "नावाड्याला पोचवतो," तो म्हणाला होता, "मग माझा घसा तुमचा."

त्याला सांगायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. मी गेले तेव्हा तो ओट्याशी उभा राहून भांडी पुसत होता आणि वहिनी ती कपाटात लावत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दादा हातातला पेला पुसतच राहिला.

"मग ऑपरेशन पुढच्या वर्षी," तो शांतपणे म्हणाला. आवाज आधीच खरखरीत झाला होता.

वहिनीनं कपाटाचं दार धाडकन लावलं. "पुढच्या वर्षी? अहो, पुढच्या वर्षी असणार आहात का तुम्ही? एका लाकडाच्या नावेसाठी मला वाऱ्यावर सोडताय?"

"लाकडाची नाही गं ती. सगळं कॉम्प्युटरवर करतात," दादा म्हणाला.

वहिनीला रडता रडता हसू आलं, आणि मग ती जास्तच रडली. मी बावळटासारखी दोघांच्या मध्ये उभी. कुणाची बाजू घ्यायची? जीव वाचावा असं मलाही वाटत होतं, आणि त्या नावाड्याचा शेवट दुसऱ्या कुणी बोलू नये असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं आणि त्यातलं एकही माझ्या हातात नव्हतं.

डॉक्टरांनी विषयच संपवला. "कोण नावाडी?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझी मुलगी बघते हे सिनेमे," ते म्हणाले. "पण तुमच्या भावाच्या घशातली गाठ सिनेमे बघत नाही. पहिला भाग करा, आणि लगेच भरती व्हा."

मग मी कंपनीच्या मागे हात धुऊन लागले. दुसऱ्या भागातला तेवढा एक प्रसंग पाठवा, कच्चा असला तरी चालेल. फोन केले, हातापाया पडले, आवाज चढवला, रडलेसुद्धा. ती मुलगी बिचारी चांगली होती. "ताई, मी वर विचारलं हो, पण तो प्रसंग अजून शूटच झाला नाहीये," ती म्हणाली. भिंतीवर डोकं आपटून काय होणार?

पहिल्या भागाचं चित्र आलं. आमच्याकडे चित्र येतं ते पूर्ण काळं करून. सिनेमा आधीच फुटू नये म्हणून बोलणाऱ्याचं तोंड तेवढं एका गोलात ठेवतात, बाकी मिट्ट अंधार. इतकी वर्षं मी नावाड्याला असाच ओळखते, पांढऱ्या दाढीतले दोन ओठ. दादा माइकसमोर उभा राहिला आणि त्या ओठांत शिरला. घसा दुखत होता, मध्येच पाणी लागायचं, पण ती खरखर नावाड्याला अशी शोभली की आमचा रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे डोळे पुसत बसला. या रेकॉर्डिस्टला आम्ही कानसेन म्हणतो, कारण त्याला शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा ऐकू जातो. नाव नदीच्या मधोमध आली आणि गोल विझला.

दादानं कानावरचे हेडफोन काढले नाहीत. "पुस्तक आहे ना तुझ्याकडे?" त्यानं मला विचारलं. "मग पुढचं लिही. मी आत्ताच बोलून ठेवतो."

हा शुद्ध वेडेपणा होता. न पाहिलेल्या तोंडात वाक्य कसं बसवणार? ते ओठ कुठे मिटतील, किती वेळ उघडे राहतील, कुणाला ठाऊक? हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं, आयुष्य गेलं होतं त्यात. तरी मी बसले आणि पुस्तकातलं नावाड्याचं प्रत्येक वाक्य तीन तऱ्हांनी लिहिलं, आखूड, मध्यम आणि लांब. एखादं तरी बसेल! दादा ते सगळं बोलला. मग नुसतं हसला, कण्हला, खाकरला, वल्हं ओढताना निघतो तसा हुंकार दिला, कधी काय लागेल म्हणून. सगळ्यात शेवटी ते वाक्य घेतलं, जिथे मुलगी नावेतून उतरायला तयार नसते.

"उतर, पोरी. मी इथवरचाच. पुढची वाट तुझ्या पायांची."

हे मधल्या लांबीचं. तिन्हींत तेच चांगलं होतं. कानसेननं खूण केली तरी दादा माइकपाशीच उभा होता. "अजून काही राहिलंय का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. दादाच्या आवाजात रेकॉर्ड झालेलं ते शेवटचं वाक्य. आणखी दोन वाक्यं मुद्दाम लिहायला हवी होती, असं मला नंतर फार वाटत राहिलं.

ऑपरेशन नीट झालं. माणूस वाचला. गळ्याला भोक, त्यावर मऊ रुमाल, आणि बोलताना नुसते ओठ हलतात, आवाज नाही. त्याला लिहायचा भारी कंटाळा, आणि वहिनीला ओठ वाचता येत नाहीत. मग ती मला व्हिडिओ कॉल लावते आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरते. "बघ गं, काय म्हणतायत." मी सांगते, "मीठ कमी आहे म्हणतोय." की लगेच वहिनी त्याला फैलावर घेते. ओठ वाचणं हा माझा धंदाच. तो असा घरी उपयोगी पडेल हे कुणाच्या स्वप्नात होतं!

पुढच्या वर्षी दुसरा भाग आला. काळ्या पडद्यात पुन्हा तो गोल, पुन्हा ते दोन ओठ. मी आणि कानसेननं दादाची वाक्यं एकेक करून लावून बघितली. एकही बसेना. सिनेमावाल्यांनी तो प्रसंगच बदलला होता. पुस्तकात नावाडी मुलीला समजावतो, इथे तो तिच्यावर ओरडत होता. कानसेननं वाक्यं ताणली, आवळली, तोडून पुन्हा जोडली. शेवटी एक हुंकार तेवढा जमला. कंपनीनं तोही नाकारला. एका सिनेमात एका पात्राचा एकच आवाज हवा, हा त्यांचा नियम. नियम चुकीचाही नव्हता, हेच तर दुखणं.

नवा कलाकार आला. गुणी माणूस, दादाला फार मानणारा. "ताई, दादांसारखं होतंय का? नसेल तर सांगा," असं दर वाक्याला विचारायचा. आणि मीच त्याला सांगत होते, की इथे जरा नाकातून बोल, शेवटचं अक्षर गिळून टाक, दादा तसं करायचा. माझ्याच भावाचा आवाज मी माझ्या हातांनी दुसऱ्याला नेसवत होते. घरी जाऊन मी मनसोक्त रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर, कारण मी नाही म्हटलं असतं तर तेही दुसऱ्या कुणी केलं असतं, आणि वाईट केलं असतं.

सिनेमा लागला तेव्हा दादा ओठांनीच म्हणाला, जायचंच. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. मधल्या खुर्चीत दादा, रुमाल नीट बांधून. नावाडी पडद्यावर आला, या भागात पहिल्यांदाच मला तो पूर्ण दिसत होता, आणि बोलायला लागला. पोरं टाळ्या वाजवत होती. कुणालाच फरक कळला नाही. इतकं चांगलं काम केलं होतं आम्ही.

नाव किनाऱ्याला लागली. मुलगी उतरेना. नावाडी तिच्यावर ओरडला, "ऊठ! निघ इथून! तोंड नको दाखवू मला!" मी दादाकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड तेवढं दिसत होतं, बाकी सगळा अंधार. ओठ हलत होते. पडद्यावरच्यापेक्षा सावकाश, वेगळेच. मी वाचलं. उतर, पोरी. मी इथवरचाच.

वहिनी त्याच्या पलीकडून वाकली आणि कुजबुजली, "काय म्हणतायत गं?"

दादाचे ओठ मिटले. पुढची वाट, एवढंच म्हणून तो थांबला होता.

"काही नाही वहिनी," मी म्हटलं. "नावाडी बोलतोय."