चार प्रवासी आणि एक मांजर

गाडीतला पिवळा दिवा लागला की आजोबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "घ्या! मांजर रुसली!"

मांजर म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनातून आलेला विषारी धूर बाहेर पडायच्या आधी स्वच्छ करणारा, गाडीच्या पोटाखालचा एक डबा. गॅरेजवाले मिस्त्रीकाका त्याला नुसतं 'कॅट' म्हणायचे, आणि एवढं आयतं हातात मिळाल्यावर आजोबा गप्प बसतील तर ते आजोबा कसले! दिवा लागायचा, दोन-चार दिवस डोळे वटारायचा आणि आपला आपण विझायचा. गाडी गॅरेजात नेली की मांजर अगदी शहाण्यासारखी वागायची. मिस्त्रीकाका चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "काही नाही हो हिला."

त्या मांजरीपायी आता अख्खी गाडीच चालली होती. गेल्या आठवड्यात धूर-तपासणीच्या फाटकातच दिवा लागला आणि तिथल्या माणसाने प्रमाणपत्र द्यायला साफ नकार दिला. मिस्त्रीकाकांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा तोच जुना कोड निघाला आणि या वेळी त्यांनीही हात टेकले. "ताई, कॅट गेला. या वयाच्या गाडीला नवा बसवण्यात काही अर्थ नाही." आईने त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला फोन केला. रविवारी सकाळी अकराला तो गाडी न्यायला येणार होता.

आज शनिवार. गाडी रिकामी करायचं काम भोंग्याकडे आलं होतं.

भोंगा म्हणजे घरातलं शेंडेफळ, नववीतली मुलगी. लहानपणी चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून आजोबांनी मुद्दामच हे नाव ठेवलं होतं. "बघाल तुम्ही, ही एकदा वाजायला लागली की थांबायची नाही." यंदा ती खरोखरच वाजायला लागली होती. शाळेच्या नाटकात वाजली, वर्गात वाजली, मुख्याध्यापकांसमोरसुद्धा वाजली. फक्त ते ऐकायला आजोबा नव्हते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं.

डॅशबोर्डच्या खणातून तिने टॉर्च काढला, वितळून चिकटलेल्या गोळ्या काढल्या, आणि सगळ्यात शेवटी, नेहमीच्या जागेवरून, आजोबांची लांबट वही काढली. आजोबा तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. गाडी चालवायला ते कधीच शिकले नाहीत. ते मागे डावीकडे, दाराशी बसायचे, सगळी दारं लागल्याची खात्री करून घ्यायचे आणि टपावर बोटांनी दोनदा वाजवायचे. टक् टक्. डबल बेल! त्याशिवाय आईला गाडी हलवायची परवानगी नव्हती. मग वहीत नोंद व्हायची. तारीख, कुठून कुठे, आणि प्रवासी किती. घरच्या गाडीत कसले आलेत प्रवासी? पण तिघं असले तर तीन आणि चौघं असले तर चार, हे लिहिल्याशिवाय त्यांचा हात गप्प बसत नसे. ज्या दिवशी दिवा लागेल त्या दिवशी समोर एक मांजर काढायची: एक गोल, दोन कान.

ते गेल्यावर वही भोंग्याने चालू ठेवली होती. आईला हे माहीत नव्हतं.

ती मागच्या सीटवर पाय वर घेऊन पानं उलटत बसली. बाजारात, प्रवासी दोन. दवाखान्यात, प्रवासी तीन. तलावावर, प्रवासी चार, मांजर. तलावावर दादाने आजोबांची काठी पाण्यात पाडली होती आणि घरी येईपर्यंत आजोबा त्याला "पुढचा स्टॉप आला, उतरा आता" म्हणत होते. ती एकटीच हसली. आत्याकडे, प्रवासी चार, मांजर. स्टेशनवर, प्रवासी चार, मांजर.

तिचं हसू थांबलं.

तिने भराभरा मागे पुढे पानं उलटली. आजोबा गेल्यावर महिनेच्या महिने प्रवासी दोन, प्रवासी तीन, आणि मांजरीचा पत्ता नाही. मग थेट गेल्या आठवड्यात, तिच्याच अक्षरात: 'धूर-तपासणी. प्रवासी चार.' कारण परतताना सोडायला शेजारच्या मावशी घेतल्या होत्या, आणि मावशींचं दुरुस्तीला निघालेलं शिलाई मशीन! आणि त्याच्यापुढे एक गोल, दोन कान.

"आईऽऽ!"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय झालं? झुरळ?"

"मांजर फक्त गाडी भरली की रुसते! मिस्त्रीकाका एकटेच चक्कर मारतात, मग त्यांना दिसणार कशी?"

आईने वही हातात घेतली. आजोबांचं अक्षर संपून भोंग्याचं सुरू होत होतं त्या पानावर तिचा अंगठा बराच वेळ थांबला. "हे तू लिहितेस?"

"मग? सर्व्हिस बंद ठेवायची?"

"भंगारवाल्याला शब्द दिलाय गं मी." आई मागच्या सीटकडे न बघता बोलली. वर्षभर ती तिकडे बघतच नव्हती. आरसासुद्धा तिने असा वळवला होता की त्यात फक्त मागची काच दिसावी. "आणि नाही सापडलं तर?"

"तर उद्या अकरा वाजता मी स्वतः किल्ली देईन. पण आज चल."

गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. दादालाही झोपेतून ओढून आणलं. मिस्त्रीकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीत हसले. "पोरी, कन्व्हर्टरला काय माहीत वर कोण बसलंय?"

पूर्वी भोंगा लाल होऊन आईमागे लपली असती. आज तिने वही त्यांच्या नाकासमोर धरली. "सतरा मांजरी, काका. सतराच्या सतरा चार प्रवाशांच्या. एक तरी तीनची दाखवा, मी आत्ता घरी जाते."

काकांनी चष्मा चढवला. तीन पानं वाचली. मग गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली उतरले. "बसा सगळे आपापल्या जागी. इंजिन चालू ठेवा."

आई पुढे, दादा आणि भोंगा मागे. डावीकडची जागा रिकामी.

"चौथा प्रवासी कुठाय?" खालून काकांचा आवाज आला.

मग दादा उतरला, कोपऱ्यातला एक जुना गिअरबॉक्स कसाबसा मिठीत घेऊन आला, सीटवर ठेवला, वर दोन मेलेल्या बॅटऱ्या रचल्या आणि सगळ्याला मिळून पट्टा लावला.

"हुबेहूब," तो धापा टाकत म्हणाला. "फक्त कुरकुर कमी करतोय."

आईने मान वळवून मागे पाहिलं. पट्ट्यात बसलेल्या त्या लोखंडाकडे बघून ती अशी काही हसत सुटली की स्टिअरिंगवर डोकं टेकवावं लागलं. डोळे पुसायला तिला पदर पुरेना.

"बुडबुडे!" काका खालून ओरडले. "आले, आले! अहो, फेस येतोय नुसता!"

सायलेन्सरची नळी टांगून धरणारं मागचं रबर कधीच तुटलं होतं. मागे वजन पडलं की गाडी खाली बसायची, नळी ॲक्सलला टेकून वर ढकलली जायची आणि कन्व्हर्टरच्या पुढचा सांधा केसभर उघडायचा. त्या फटीतून धूर बाहेर निसटायचा, बाहेरची हवा आत जायची आणि पलीकडचा सेन्सर फसून बोंब मारायचा की धूर नीट साफ होत नाही. वजन उतरलं की फट बंद. कन्व्हर्टर बिचारा ठणठणीत होता.

"इतकी वर्षं मी मांजरीलाच बोल लावला," काका वर येत म्हणाले. "कंडक्टरसाहेबांनी मात्र बरोबर टिपून ठेवलं होतं. माझ्या लक्षात यायला नको?"

"त्यांच्याही कुठे लक्षात आलं होतं!" भोंगा म्हणाली. तिला एकदम वाटलं, आत्ता ते इथे असते तर तिच्याकडे कसे बघत राहिले असते.

नवं रबर, सांध्यात नवी गॅस्केट, आणि तासाभरात गाडी रस्त्यावर आली. गिअरबॉक्स तसाच पट्ट्यात होता, कारण चाचणी म्हणजे चाचणी. आई मोठा चढ चढली, तलावाला वळसा घातला, पुन्हा चढ चढली. दिवा विझलेलाच. घराजवळ आल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि भंगारवाल्याला फोन लावला. "नको येऊ उद्या, भाऊ. नाही, दुसऱ्या कोणी नाही घेतली. घरीच लागणार आहे."

फोन ठेवून तिने हात वर केला आणि आरसा सरळ केला. त्यात मागची सीट पूर्ण दिसत होती.

भोंग्याने वही उघडली. 'गॅरेज ते तलाव ते घर. प्रवासी चार, पैकी एक लोखंडी.' पुढची जागा रिकामी होती. तिथे आता मांजर येणार नव्हती, आणि इतकी धडपड ज्यासाठी केली ते मिळूनही तिला त्या दोन कानांसाठी जरासं वाईट वाटलं.

"चलायचं ना?" आईने आरशातून विचारलं.

भोंग्याने डावीकडचं दार नीट लागलंय का ते हात लांब करून तपासलं. मग टपावर दोनदा वाजवलं.